पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं

आमच्या नांदेडच्या गल्लीत 'मेडिकल' या शब्दाचे तीन अर्थ होतात. औषधाचं दुकान म्हणजे मेडिकल. डॉक्टर व्हायचं कॉलेज म्हणजेही मेडिकल. आणि त्या कॉलेजात जागा मिळावी म्हणून बारावीनंतर मुलं वर्ष-दोन वर्षं लातूरला जाऊन जो अभ्यास करतात, तोही मेडिकलच. "पोरगी काय करते?" "मेडिकलला हाय." एवढ्यावर बोलणं थांबलं, तर पोरगी औषधं विकते, डॉक्टर होतेय की खोलीत बसून रडतेय, हे कळायला काही मार्ग नाही. माझ्या आईला हे फार सोयीचं पडलं.

त्या वर्षी मी तिसऱ्या अर्थानं मेडिकलला होते.

पप्पांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. निकालाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी निळ्या चड्ड्यांचा ढीग बाजूला सारला आणि माझ्यासाठी पांढरा ॲप्रन शिवला. माप न घेता, नजरेनंच. मी म्हणाले, "पप्पा, आधी नंबर तर लागू द्या." ते म्हणाले, "लागतो की. नंतर सीझनमध्ये टाइम भेटत न्हाई."

नंबर लागला नाही. सरकारी जागांची यादी जिथं संपली, तिथून मी नऊ मार्क खाली होते. आमच्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. त्याला निगेटिव्ह म्हणतात. प्रश्न सोडून दिला तर काहीच होत नाही. माझी अठरा उत्तरं चुकली होती आणि त्यांतली निम्मी मी नुसती ठोकून दिली होती. तेवढी कोरी सोडली असती, तरी मी डॉक्टर होण्याच्या रांगेत असते. हे गणित मला निकालानंतर तासाभरात कळलं आणि मी मोबाइल हातात धरून तशीच बसून राहिले. आई चहा घेऊन आली. तो गार झाला. पुन्हा गरम करून आणला, पुन्हा गार झाला. मला रडूही येत नव्हतं. डोकं सुन्न झालं होतं आणि त्यात एकच आकडा फिरत होता, नऊ.

पाचव्या दिवशी पप्पा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "लातूरला जातीस का? रिपीट कर." झालं. ॲप्रन त्यांनी घडी करून माझ्या बॅगेत तळाशी घातला. मी काढून ठेवला, त्यांनी परत घातला.

लातूरच्या ज्या गल्लीत मी राहिले, तिथं प्रत्येक घरावर एक मजला मुलींसाठी वाढवलेला होता. खोलीत दोन कॉट, दोन टेबलं, एक खिडकी. खाली डाव्या हाताला डबेवाल्या मावशी आणि उजव्या हाताला एक मेडिकल, म्हणजे पहिल्या अर्थाचं. मोबाइल म्हणून बटणांचा डबा, कारण इंटरनेट असलं की पोरी बिघडतात असं घरमालकिणीसकट सगळ्यांचं ठाम मत. माझी रूममेट किल्लारीची. बोलायला फटकळ आणि अभ्यासाला माझ्यापेक्षा कडक. तिचं हे दुसरं रिपीट होतं, म्हणून ती स्वतःला सीनियर म्हणवायची. माझ्या बॅगेतला ॲप्रन तिनंच शोधून काढला आणि खिळ्याला अडकवला. "राहू दे गं," म्हणाली, "डास तरी घाबरतील."

दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी भिंतीवर यादी. आमचे सर प्रत्येक टेस्टच्या आधी एकच वाक्य ओरडायचे, "येत नसंल तर सोडा! तुक्का मारू नका!" तुक्का म्हणजे अंदाजानं ठोकलेलं उत्तर. सोमवारी भिंतीसमोर उभं राहिलं की कुणी मार्क विचारायचं नाही. विचारायचे, "निगेटिव्ह किती?" दिवाळीपर्यंत माझी अशी अवस्था झाली होती, की 'निगेटिव्ह' हा शब्द कुठंही ऐकला तरी मी कापलेले मार्क मोजायला लागायचे.

डिसेंबरात एका दुपारी घरमालकीण खालून ओरडली, "नांदेडचे पाहुणे आलेत!" मला वाटलं पप्पा. जिन्यावरून हाश्श-हुश्श करत वर आली ती खाला.

आमच्या नांदेडच्या घराच्या भिंतीला भिंत लागून खालाचं घर आहे. खाला म्हणजे मावशी, आणि ती सगळ्या गल्लीची खाला. कापूस पिंजून गाद्या-उशा भरायचा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. नवरा गेल्यावर आता ती आणि तिचा मुलगा चालवतात. माझ्या लहानपणी आई कावीळ होऊन माहेरी पडली होती, तेव्हा तीन महिने मी खालाच्या चुलीपुढं जेवले. म्हणून मी तिला अगं-तुगं करते आणि ती मला मारूही शकते.

ती कॉटवर टेकली, श्वास खाली बसू दिला आणि पिशवीतून उशी काढली. "तुझ्यासाठी. नवीन कापूस हाय. लई पढाई करते म्हणे, गर्दन अकडत असंल." मग तिची नजर खिळ्यावरच्या ॲप्रनवर गेली आणि तिचा चेहरा उजळला. "या अल्ला! किती सुंदर. ह्यो घालूनच जातीस का कालेजात?"

"कुठल्या कॉलेजात?" मी विचारलं.

"मेडिकलच्या. तुझी आई सांगते ना, मेडिकलला हाय म्हणून. आपल्या गल्लीतली पहिली डॉक्टरनी!"

मला धक्काच बसला. सहा महिने मी इथं भिंतीवरच्या यादीत खालून वर सरकत होते आणि तिकडं आईनं मला थेट कॉलेजात बसवून टाकलं होतं. एक अक्षर खोटं न बोलता! मी रूममेटकडं पाहिलं. तिनं पुस्तकात तोंड खुपसलं.

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. 'खाला, मी रिपीटर आहे,' एवढंच. नाही सांगितलं. का, ते मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलंय आणि दर वेळी उत्तर एकच येतं, ते सांगायची लाज वाटते. मला बरं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं मान वर करून बघत होतं.

तोवर खालानं एका साडीच्या दुकानाच्या पिशवीतून फाइल काढली होती. गेल्या महिन्यात तिला जिना चढताना छातीत जळजळ व्हायची. पित्त म्हणून सोडून दिलं. मग मुलानं दवाखान्यात नेलं. "त्या पट्ट्यावर पळवलं मला, बेटा. या उमरमध्ये! छातीला वायरी लावून. अन् रिपोर्ट आला पॉझिटिव. डॉक्टर म्हणतो, हातातून नळी घालून दिल बघावा लागंल. अँजो का काय. तवर दोन टाइम खायला गोळ्या दिल्यात. मी म्हणलं, ठहरा. आमच्या घरात डॉक्टर हाय, तिला इचारते."

मी कागद हातात घेतला. उभ्या-आडव्या रेघा, आकडे, आणि खाली शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत निष्कर्ष, टेस्ट पॉझिटिव्ह. हृदयाचे चार कप्पे मला झोपेत विचारले असते तरी काढून दाखवले असते. झडपांची नावं तोंडपाठ होती. या कागदातलं मात्र मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"कोरोनामध्ये पॉझिटिव आला की गाडीत घालून न्यायचे," खाला म्हणाली. "म्हणून दिल धसकला माझा. खराब हाय का गं?"

आणि मी हसले. आठवलं की अजून अंगावर काटा येतो, पण मी हसले. "खाला, तू पण ना! कोरोनाचं वेगळं. तिथं जंतू सापडला म्हणून पॉझिटिव्ह. ही पळायची टेस्ट आहे. टेस्ट म्हणजे परीक्षा. परीक्षेत पॉझिटिव्ह चांगलं असतं आणि निगेटिव्ह वाईट. आमच्याकडं बघ, एक उत्तर चुकलं की एक मार्क कापतात, त्याला निगेटिव्ह म्हणतात. तुझा एकही कापला नाही."

रूममेटनं पुस्तकातून मान वर काढली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "हाव खाला. निगेटिव्ह लई बेकार असतं."

दोघी रिपीटर. दोघींना खात्री. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही कोरोना आठवून सांगितलं असतं, की पॉझिटिव्ह म्हणजे भानगड.

खालानं डोळे मिटून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "मंग नळीचं राहू दे?" मी म्हणाले, "घाई नको करू." तिनं माझ्या कानशिलावरून बोटं मोडली, डबेवाल्या मावशीकडं एक भाकरी खाल्ली आणि चारच्या बसनं गेली. मी त्या नव्या उशीवर डोकं ठेवून मस्त झोपले.

अकरा दिवस मस्त झोपले.

बाराव्या दिवशी सकाळी डोकं दुखत होतं म्हणून खालच्या मेडिकलमध्ये गोळी आणायला गेले. दुकानातले काका स्ट्रिप कापत होते. आदल्या संध्याकाळी रूममेट सहज म्हणाली होती, की शुगरचा रिपोर्टही कधी पॉझिटिव्ह आला म्हणतात, ते चांगलं असतं का गं? तेवढं डोक्यात होतं. मी विचारलं, "काका, पट्ट्यावर पळवून हृदयाची टेस्ट करतात ना, ती पॉझिटिव्ह आली तर चांगलंच असतं ना?"

त्यांची कात्री थांबली. "कुणाची हाय?"

"शेजारची. नांदेडला."

"चांगलं कशाचं? पळताना दिलाला रक्त कमी पडून ऱ्हायलं, तर पॉझिटिव्ह येती. अँजिओ सांगितली असंल की."

"सांगितली होती."

"केली ना मग?"

मी मान हलवली, नाही. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही वरच्या मेडिकलच्या पोरी ना? एवढं बी कळत न्हाई तुम्हाला?"

गोळी तिथंच राहिली. समोरून टँकर गेला, पण त्याचा आवाज आला नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी बटणांच्या फोनवरून आईला लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. आई म्हणाली, "थांब, मी निरोप देते. डॉक्टरनीनं सांगितलंय म्हणते, की नळी घालून घे." म्हणजे अजूनही डॉक्टरनी! पण वाद घालायला वेळ नव्हता.

दहा मिनिटांनी आईचा फोन आला. तिचा आवाज बदलला होता. "खाला ऐकून न्हाई ऱ्हायली. म्हणती, पोरीनं तोंडावर सांगितलंय, पॉझिटिव्ह चांगलं असतं. तुम्ही कशाला घाबरवता. अन् ऐक. तिनं गोळ्या बी बंद केल्यात. त्याच दिवसापासून. गल्लीत पेढे वाटले गं तिनं. मी बी खाल्ला."

मी खालालाच फोन लावला. मागं पिंजायच्या यंत्राची घरघर चालू होती. मी रडत, ओरडत सांगितलं, की मी चुकले, गोळ्या चालू कर, आजच्या आज दवाखान्यात जा. ती हसली. "परीक्षेचं टेन्शन आलं वाटतं माझ्या लेकराला. मी ठणठणीत हाय. लग्नाच्या गाद्यांची आर्डर हाय, ती झाली की बघू." आणि ठेवून दिला.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. डॉक्टर म्हणून मी पहिल्यांदा जे सांगितलं, ते तिनं काळजावर कोरून ठेवलं होतं. आता डॉक्टर म्हणूनच त्याच्या उलट सांगितलं, तर ती माया समजत होती, टेन्शन समजत होती. ती ऐकणार एकाच गोष्टीनं. ते पहिलं बोलणं डॉक्टरचं नव्हतंच, हे तिला कळलं तर. आणि ते फोनवर तिला पटणार नव्हतं.

मी आईला सांगितलं, येतेय. आई म्हणाली, "ये. पण बाकीचं नको सांगू. गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई." मी फोन बंद केला. तिचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि सगळ्यात जास्त राग तर माझाच येत होता.

लातूरहून नांदेडला बसनं जायला चार तास लागतात, अहमदपूर, लोहा करत. त्या चार तासांत मी एकच गोष्ट करत होते. मोजत होते. अकरा दिवस, दिवसाला दोनदा गोळ्या. 'येत नसंल तर सोडा,' सर दर रविवारी घसा फोडून सांगत होते. कागदावर मी ते शिकले होते. समोर जिवंत माणूस बसल्यावर तुक्का मारला.

गल्लीत शिरले तेव्हा खाला दारात उभी राहून भरलेली गादी फरफटत ओढत होती. केसांत, भुवयांवर कापूस. ओट्यावर चार-पाच बायका गाद्यांना धागे भरत बसल्या होत्या. "आली बघा डॉक्टरनी!" कुणीतरी म्हणालं. आमच्या दारात आई पिठाच्या हातानं उभी होती आणि मला बघून नकारार्थी मान हलवत होती. पुढच्या खोलीत पप्पांचं मशीन चालू होतं.

"खाला, गादी सोड," मी म्हणाले. "मी डॉक्टर नाही."

"होशील की. पाच वरीस लागतात..."

"मी कॉलेजातच नाही. माझा नंबर लागला नाही. नऊ मार्क कमी पडले. लातूरला मी परत बारावीचीच पुस्तकं वाचते. तुझा रिपोर्ट मला वाचता आला नाही, तरी मी सांगितलं. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट असतं, खाला. तुझ्या हृदयाला रक्त पुरत नाही."

पप्पांचं मशीन बंद झालं, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे. बायका माझ्याकडं, मग आईकडं बघायला लागल्या. आई आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पप्पा गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर आले. "हाव," ते सगळ्यांना म्हणाले, "नंबर लागला न्हाई. लोक बोलत होते ते मी बी ऐकत होतो. मी बी गप बसलो." माझ्या वडिलांना चारचौघांत मान खाली घालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

खाला मात्र माझ्याकडंच बघत होती. रागानं नाही. कळत नसल्यासारखी. मग तिच्या हातून गादी सुटली आणि ती तिच्यावरच खाली बसली. "मंग त्या गोळ्या?" तिनं विचारलं. "ज्या मी बंद केल्या?" तिचा आवाज एवढासा झाला होता. तिला पहिल्यांदा भीती वाटत होती, आणि ती भीती मी अकरा दिवस उशिरा आणली होती.

तिच्या मुलानं टेंपोतून गाद्या खाली फेकल्या आणि आम्ही तिला त्यातच बसवून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी नळी घातली. एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजलेली निघाली आणि तिथं स्प्रिंग टाकली. दुपारी डॉक्टर खालाच्या कॉटजवळ आले. उंच, थकलेले आणि चिडलेले. मुलगा, पप्पा आणि मी, तिघं उभे होतो. "नशीब समजा," ते म्हणाले. "असल्या गोळ्या एकदम बंद करतात का कुणी? काही होऊ शकलं असतं. कुणी सांगितलं बंद करायला?"

मुलगा भिंतीकडं बघत राहिला. खाला उशीवरून क्षीण आवाजात म्हणाली, "कुणी न्हाई. मीच इसरले."

मला त्याचा जो धक्का बसला, तो निकालाचा बसला नव्हता, मेडिकलवाल्या काकांसमोरही बसला नव्हता. मरता मरता वाचलेली बाई मला वाचवत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी. माझं ऐकून बंद केल्या. रिपोर्ट चांगला आहे, असं मी सांगितलं होतं."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "तू कोण?"

सहा महिने या प्रश्नाची दोन उत्तरं माझ्याजवळ होती, एक गल्लीतलं आणि एक लातूरचं. दोन्ही आली नाहीत. "शेजारीण," मी म्हणाले.

"बाहेर हो," ते म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. मी दाराकडं निघाले.

"साब," मागून खालाचा आवाज आला. धाप लागल्यामुळं ती एकेक शब्द तोडत बोलत होती. "तिचा एक मार्क कापा. पण पोरीला भायेर काढू नका."

डॉक्टरांना काही समजलं नाही. मी दारातच खाली बसले आणि निकालापासून अडलेलं सगळं रडू तिथं बाहेर आलं.